किल्ली कोणाच्या खिशात?

'मुक्त' हा शब्द आपल्या कला शाखेत फार स्वस्त झाला आहे. मुक्तछंद, मुक्तचिंतन, मुक्तसंवाद! या यादीत आता 'मुक्त स्रोत' या शब्दाची भर पडली आहे. पण तो कानावर आला की आपण तो विज्ञान शाखेच्या दारात ठेवून मोकळे होतो. हा विषय जितका त्यांचा तितकाच, किंबहुना काकणभर अधिक, आपला आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. शाळकरी मुलांना प्रोग्रॅमिंग शिकता यावे या हेतूने इंग्लंडमधील केंब्रिज येथे 'रास्पबेरी पाय' नावाचा छोटा संगणक तयार झाला. एकाच पट्टीवर सारे काही. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो विक्रीला आला तेव्हा त्याची किंमत ३५ डॉलर होती आणि आकार साधारण एटीएम कार्डाएवढा. पडदा आणि कळफलक आपले आपण जोडायचे. मुलांसाठी केलेले हे यंत्र पुढे मोठ्या माणसांनी पळवले आणि घरातल्या इंटरनेटच्या दारात राखणदार म्हणून बसवले.

हा राखणदार करतो काय? आपण फोनवर एखाद्या स्थळाचे नाव लिहितो. यंत्रांना मात्र नावे कळत नाहीत, आकडे कळतात. म्हणून दर वेळी नावावरून आकडी पत्ता विचारावा लागतो. २०१४ साली सुरू झालेली 'पाय-होल' ही मुक्त प्रणाली या विचारण्याच्या जागी बसते. जाहिरातींच्या ठिकाणाचा पत्ता कोणी विचारला, की "असे कोणी इथे राहत नाही" म्हणून ती परत पाठवते. घरातल्या वायफायवरच्या साऱ्या फोनांना हा एकच राखणदार पुरतो. तो सर्वशक्तिमान मात्र नाही. यूट्यूबसारख्या ठिकाणी चित्रफीत आणि जाहिरात एकाच दारातून येतात. तिथे त्याचे काही चालत नाही.

यात शिकण्यासारखे काय, असे कोणी विचारील. माझ्या आईला अक्षरओळख नाही. फोनवरची बंद करण्याची फुली कोणती आणि जाहिरातीतच काढलेली खोटी फुली कोणती, हे ती कसे ओळखणार? शिकलेल्याला जी जाहिरात नुसती कटकट वाटते, ती न शिकलेल्याच्या वाटेत खणलेला खड्डा असते. म्हणून हा प्रश्न मला केवळ यंत्राचा वाटत नाही.

आता 'मुक्त' या शब्दाकडे येऊ. लिंक्सिस कंपनीचा एक निळा-काळा राउटर २००२च्या अखेरीस बाजारात आला. त्याच्या पोटात लिनक्स ही मुक्त प्रणाली असल्याचे जाणकारांच्या लक्षात आले. तिच्या परवान्याची अट अशी, की जो ती दुसऱ्याला देईल त्याने तिची मूळ संहिताही दिली पाहिजे. लोकांनी या अटीवर बोट ठेवले आणि २००३ साली कंपनीला ती संहिता खुली करावी लागली. तिच्यातूनच २००४ साली 'ओपनडब्ल्यूआरटी' हा प्रकल्प उभा राहिला; आज तो अनेक कंपन्यांच्या राउटरांवर आणि रास्पबेरी पायवरही चालतो. मित्रहो, ही लढाई कशाच्या बळावर जिंकली गेली? एका मजकुराच्या काळजीपूर्वक वाचनाच्या बळावर! आणि वाचन हाच तर आपला धंदा आहे.

पण इथेच माझी एक तक्रारही आहे. या प्रकल्पांची मांडणी 'घर' गृहीत धरते. घर म्हणजे वायफाय, राउटर, आणि रविवारी सवड असलेला वडील माणूस. आमच्या घरी यांतले काहीच नाही. एक फोन, त्यातले रिचार्ज आणि रविवारीही मजुरी. पाय आज स्वस्त राहिला आहे असेही म्हणता येत नाही. वीजजोड आणि स्मृतिकार्ड धरले तर त्याचा खर्च हजारांत जातो. तेव्हा आमच्यासारख्यांचे 'घर' म्हणजे वसतिगृह आणि ग्रंथालय. अशी पेटी बसायची तर ती तिथे बसावी. 'किविक्स' या मुक्त प्रणालीने २००३ साली सुरू झालेला मराठी विकिपीडिया तीत भरून ठेवता येतो आणि इंटरनेट बंद असले तरी वाचता येतो. ज्याचे रिचार्ज महिन्याच्या वीस तारखेला संपते, त्याला याचे मोल सांगावे लागणार नाही.

मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. कोणत्या फोनाने कोणत्या स्थळाचा पत्ता विचारला, याची नोंद पाय-होल ठेवू शकते. घरात ही नोंद फार तर बाप पाहील. वसतिगृहात ती कोण पाहील? एखादी मुलगी रात्री आजाराविषयी किंवा कायद्याविषयी काही शोधत असेल, तर ते दुसऱ्या दिवशी कार्यालयात चर्चेला यावे काय? संहिता मुक्त असली म्हणजे कारभार मुक्त असतोच असे नाही. जी किल्ली जाहिरातवाल्यांच्या हातून काढून घेतली ती अधिकाऱ्याच्या खिशात गेली, तर आपण काय कमावले?

सुदैवाने ही नोंद बंद ठेवण्याची किंवा त्रोटक करण्याची सोय त्या प्रणालीतच आहे. म्हणून माझी सूचना स्पष्ट आहे. ग्रंथालयात अशी एक पेटी यावी. ती चालवण्यास विद्यार्थी आणि प्राध्यापक यांची समिती असावी. काय अडवले जाते आणि काय नोंदले जाते, हे सूचनाफलकावर मराठीत लावलेले असावे. त्यात बदल करायचा तर आधी तो फलकावर यावा.

त्यासाठी मराठी मजकूर कोणी लिहायचा? या प्रणालींची बहुतेक माहिती इंग्रजीत आहे. आपल्या भाषेत ज्ञानेश्वरांपासून हेच काम चालत आले आहे: जाणत्यांच्या भाषेत अडकलेले चारचौघांच्या भाषेत आणायचे. तारा जोडणे विज्ञानवाले करतील. नियम लिहिणे, ते सोपे करणे आणि ते पाळले जातात की नाही हे विचारत राहणे, एवढे तरी आपण करू. त्याला पाय विकत घेण्याची वाट पाहायचीही गरज नाही.