अब्जातून एक, की अब्जाधीशांतून एक?

मोटारींच्या शर्यतींचा आणि यवतमाळ जिल्ह्याचा संबंध काय, असा प्रश्न पांढरकवड्याच्या किंवा दारव्ह्याच्या कापूस उत्पादकाने विचारला, तर 'काहीच नाही' असे उत्तर देणे सोपे आहे. परंतु ते खरे नाही. रेमंड उद्योगसमूहाचा डेनिम कापडाचा कारखाना यवतमाळलगत लोहारा येथे उभा राहिला आणि त्याच समूहाचे प्रमुख गौतम सिंघानिया युरोपात फेरारी मोटारींच्या शर्यतींत उतरणारे, मुंबईत महागड्या स्पोर्ट्‌स मोटारींच्या मालकांचा क्लब काढणारे गृहस्थ म्हणून प्रसिद्धीस आले. श्रीमंतांनी आपल्या पैशाने कोणते छंद करावेत, हा येथे वादाचा विषय नाही. वादाचा विषय आहे तो व्यावसायिक शर्यतचालकाच्या कारकिर्दीची जी कहाणी वृत्तपत्रांच्या क्रीडापानांवर जिद्द आणि गुणवत्तेचा विजय म्हणून छापली जाते, त्या कहाणीमागचा जमाखर्च.

या संदर्भात मुंबईच्या जेहान दारूवालाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९९८ साली जन्मलेला हा मुलगा शाळकरी वयातच कार्टिंगकडे वळला. कार्ट म्हणजे जमिनीलगत बसायची, बिनटपाची, छोटी चारचाकी. जगातला जवळजवळ प्रत्येक शर्यतचालक तिच्यावरच हात बसवतो. २०१५ साली तो युरोपात फॉर्म्युला रेनॉ मोटारीत बसला. २०१७ साली जर्मनीतील नोरिसरिंगवर त्याने युरोपीय फॉर्म्युला तीनची शर्यत जिंकली, २०१९ साली आंतरराष्ट्रीय फॉर्म्युला तीन मालिकेत तो तिसरा आला आणि डिसेंबर २०२० मध्ये बहरीनला फॉर्म्युला दोनची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. २०२१ आणि २०२२ या दोन्ही हंगामांत त्या मालिकेत त्याचा क्रमांक सातवा होता. फॉर्म्युला वनचे दार मात्र उघडले नाही. २०२४ साली माझेराती संघातर्फे विजेवरच्या मोटारींच्या फॉर्म्युला ई मालिकेत एक हंगाम मिळाला, आणि तोही एकच. या तरुणाच्या कौशल्याविषयी शंका घेणे क्षुद्रपणाचे होईल. तो ज्या वेगाने वळण घेतो, त्या वेगाला सामान्य माणसाचे डोळेही ठरत नाहीत. प्रश्न वेगळा आहे. तेवढेच उपजत कौशल्य अंगी असलेला वणीचा किंवा उमरखेडचा मुलगा या शिडीच्या कोणत्या पायरीवर आढळेल? त्याचे उत्तर क्रीडापानावर सापडत नाही.

ते अर्थशास्त्रात सापडते. इतर कोणत्याही धंद्यात उमेदवाराला, थोडे का होईना, विद्यावेतन मिळते. येथे व्यवहार नेमका उलटा आहे. शिकणारा चालक, म्हणजे त्याचा बाप किंवा बापाच्या ओळखीचा प्रायोजक, संघाला पैसे मोजतो, तेव्हा त्याला मोटारीत बसायला मिळते. फॉर्म्युला दोनच्या एका हंगामाचा खर्च दोन-तीन दशलक्ष युरो, म्हणजे वीस ते तीस कोटी रुपयांच्या घरात जातो, असा जाणकारांचा अंदाज आहे. आणि तो शिडीच्या एकाच पायरीचा. ही पायरी गाळून पुढे जाण्याची सोय नाही. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने फॉर्म्युला वनसाठी जो विशेष परवाना ठेवला आहे, त्यासाठी तीन हंगामांत ४० गुण जमवावे लागतात. आणि सर्वांत जास्त गुण त्याच मालिकांत मिळतात, ज्या सर्वांत महाग आहेत. सुरक्षिततेच्या नावाने घातलेली ही अट व्यवहारात संपत्तीची अट ठरते. पूर्वी मतदानाच्या हक्काला मालमत्तेची अट असे, ती लोकशाहीने काढून टाकली. ती येथे निराळ्या वेशात जिवंत आहे.

यावर लुईस हॅमिल्टनचे नाव पुढे केले जाते. हॅमिल्टनच्या वडिलांनी एकाच वेळी अनेक नोकऱ्या करून मुलाचे कार्टिंग चालविले, हे सत्य आहे. परंतु १९९८ साली, मुलगा १३ वर्षांचा असताना मॅक्लॅरेनने त्याचा भार उचलला, म्हणूनच पुढचे सर्व घडले, हेही तितकेच सत्य आहे. आपल्यासारख्या कष्टकरी घरातल्या मुलाला आज या वाटेने वर येणे जवळपास अशक्य झाले आहे, हे त्यानेच बोलून दाखविले आहे. अपवादाने स्वतःच साक्ष दिल्यावर त्याच्या नावाने नियमाचा बचाव करण्यात अर्थ उरत नाही.

भारतात गुणवत्तेचा शोध घेण्याचा एक प्रयत्न २०११ साली गाजावाजा करून झाला. विजय मल्ल्या यांच्या फोर्स इंडिया संघाने देशातील कार्टिंग करणाऱ्या मुलांतून तिघांची निवड केली आणि त्या मोहिमेला 'अब्जातून एक' अशा अर्थाचे नाव दिले. निवडलेल्या तिघांत जेहान दारूवाला होता, मुंबईच्या एका नामांकित उद्योगपतीचा मुलगा. आणि अर्जुन मैनी होता, 'रेवा' ही विजेवरची मोटार काढणाऱ्या बंगळूरच्या घराण्यातला. दोघांनीही पुढे आपली निवड सार्थ केली, परीक्षकांनी पक्षपात केला असेही नव्हे. परंतु जाळे टाकले ते आधीच कार्टमध्ये बसलेल्या मुलांच्या तळ्यात! अब्जातील उरलेले लोक त्या तळ्याच्या काठावरही नव्हते. गंमत अशी की, हाच फोर्स इंडिया संघ २०१८ साली दिवाळखोरीच्या व्यवस्थापनात गेला, तेव्हा लॉरेन्स स्ट्रोल या कॅनडातील अब्जाधीशाच्या गटाने तो विकत घेतला आणि पुढच्याच हंगामात त्या संघाच्या मोटारीत त्याचा मुलगा लान्स बसला. हा मुलगा युरोपीय फॉर्म्युला तीनचा विजेता होता, हे न्यायासाठी सांगितले पाहिजे. तरीही बापाने संघ विकत घ्यावा आणि मुलाने त्यात जागा मिळवावी, ही व्यवस्था संस्थानिकांच्या काळालाच शोभणारी आहे.

खाजगी पैशाचा खाजगी खेळ, त्यात समाजाने का पडावे, असा साळसूद प्रश्न येथे विचारला जातो. हा पैसा खाजगी होता, ही समजूतच मुळात चुकीची आहे. ज्या वर्षांत ग्रेटर नोएडात भारतीय ग्रां प्री भरली, त्या २०११ ते २०१३ या तीन वर्षांत या देशातील मोटार-शर्यतीचे तीन मोठे आधारस्तंभ होते. पहिले मल्ल्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्यांच्या किंगफिशर विमान कंपनीचा परवाना निलंबित झाला, कर्मचाऱ्यांचे महिनोन्‌महिन्यांचे पगार थकलेले होते, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांचा संघ नोएडाच्या पटावर धावला. स्टेट बँकेच्या नेतृत्वाखालील बँकांनी पुढे ९ हजार कोटींहून अधिक येणे सांगितले, आणि मार्च २०१६ मध्ये मल्ल्यांनी देश सोडला. जप्त मालमत्ता विकून बँकांनी नंतर बरीच वसुली केली, हे मान्य; पण त्यासाठी किती वर्षे आणि किती न्यायालये लागली, हेही मोजले पाहिजे. दुसरा स्तंभ सहारा समूह. ऑक्टोबर २०११ मध्ये त्याने फोर्स इंडियात भागीदारी घेतली. गुंतवणूकदारांचे पैसे परत न केल्याच्या प्रकरणात त्याचे प्रमुख सुब्रत रॉय मार्च २०१४ मध्ये तुरुंगात गेले. तिसरा स्तंभ पट बांधणारा जेपी समूह. त्याची मूळ कंपनी २०२४ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत दाखल झाली. हा पट ज्या यमुना द्रुतगती मार्गाच्या पट्ट्यात आहे, त्याच पट्ट्यातील भट्टा-परसौल गावात मे २०११ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि त्याच वर्षीच्या ३० ऑक्टोबरला पहिली शर्यत पार पडली. तिला उत्तर प्रदेश सरकारने करमणूक करातून सूट दिली होती. तिकिटांच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा स्वतंत्र खात्यात ठेवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. केंद्रात क्रीडामंत्री असताना मनोहरसिंग गिल यांनी हा खेळ नव्हे, करमणुकीचा धंदा आहे, अशी भूमिका घेतली, तेव्हा त्यांची थट्टा झाली. त्यांचे म्हणणे बरोबर होते.

आता यवतमाळकडे यावे. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहनसिंग यांनी विदर्भातील सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. यवतमाळ त्यांपैकी एक. म्हणजे सहा जिल्ह्यांच्या वाट्याला जे आले, त्याच्या दुपटीहून अधिक येणे एकट्या किंगफिशरकडे होते. २०१७ च्या राज्य कर्जमाफीत दीड लाखांची मर्यादा घातली गेली, ती कुटुंबाला. आणि त्यासाठी नवरा-बायकोने संगणकाच्या केंद्रावर रांगेत उभे राहून बोटांचे ठसे द्यायचे. त्याच वर्षी जिल्ह्यात कापसावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर मेले. पाऊस, बोंडअळी आणि बाजारभाव यांतले काहीही ज्याच्या हाती नाही, त्याच्याकडून अंगठा घेतला जातो. आणि ज्याच्या हाती विमाने, दारूचे कारखाने आणि शर्यतीचा संघ आहे, त्याच्या शब्दावर बँका भरवसा ठेवतात.

या कारकिर्दीचा शेवटचा टप्पा विशेष बोधक आहे. एकासनी मोटारींची शिडी जिथे खुंटते, तिथून बहुतेक चालक स्पोर्ट्‌स मोटारींच्या दीर्घ शर्यतींकडे वळतात. करुण चांडोक २०१२ साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत सहावा आला. अर्जुन मैनी २०१९ साली तिथे उतरला आणि पुढे जर्मनीत मर्सिडीझ चालवू लागला. येथे प्रथमच चालकाला मोबदला मिळू लागतो. पण तो कोण देतो? आंतरराष्ट्रीय महासंघ चालकांची ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशी प्रतवारी करतो. जागतिक दीर्घ शर्यतींच्या एलएमजीटी३ वर्गात २०२४ पासून प्रत्येक मोटारीत एक ब्राँझ चालक असलाच पाहिजे. हा ब्राँझ चालक बहुधा उतारवयाचा धनिक असतो. तो छंद म्हणून शर्यतीत उतरतो, खर्चाचा मोठा वाटा उचलतो आणि शेजारी एक कसबी व्यावसायिक ठेवतो. बापाच्या भांडवलावर सुरू झालेले शिक्षण असे दुसऱ्याच्या भांडवलाच्या चाकरीत येऊन थांबते. कारखानदाराच्या घरात वाढलेल्या मुलालाही अखेर मजुरीसंबंध चुकत नाही, हे मार्क्सवाद्यांनी अवश्य टिपून ठेवावे.

यवतमाळला वेगाचे वेड नाही असे कोणी म्हणू नये. विदर्भातला शंकरपट हा शेतकऱ्याचा स्वतःचा खेळ. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तो थांबला, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह पुन्हा सुरू झाला. पटाच्या बैलजोड्यांच्या किमतीही आता लाखांत गेल्या आहेत आणि पुढाऱ्यांचे फलक धुरकऱ्यापेक्षा मोठे झाले आहेत. त्याचेही फार कौतुक करण्याचे कारण नाही. तरी गावच्या माणसाला निदान धुरेवर बसण्याची आशा तिथे असते.

या सर्वाचा विचार आजच करण्याचे कारण असे, की राज्यसरकारांना या तमाशाची नवी हौस लागली आहे. हैदराबादेत फेब्रुवारी २०२३ मध्ये रस्त्यावर फॉर्म्युला ई भरली, पुढच्या वर्षीची शर्यत रद्द झाली आणि महानगर विकास प्राधिकरणाच्या तिजोरीतून गेलेल्या सुमारे ५५ कोटींबद्दल डिसेंबर २०२४ मध्ये गुन्हा नोंदवला गेला. चेन्नईत ऑगस्ट २०२४ अखेर शहराचे रस्ते अडवून शर्यत झाली, तिच्या आयोजनात राज्याचे क्रीडा प्राधिकरणच होते. २०२५ साली नवी मुंबईत पाम बीच मार्गाच्या परिसरात रात्रीची शर्यत भरविण्याची घोषणा झाली. महाराष्ट्रात व्यावसायिक चालकांची वाण नाही. एसटीचे चालक ऑक्टोबर २०२१ पासून पाच महिन्यांहून अधिक काळ संपावर होते. यवतमाळच्या खडबडीत रस्त्यांवरून रोज शेकडो प्रवाशांचा जीव सांभाळणारी ही माणसे शासनात विलीनीकरण मागत होती, आणि विलीनीकरण शक्य नाही, असा निर्वाळा समितीने दिला. ज्या राज्यात एसटीला हे उत्तर मिळते, तिथे शर्यतीसाठी रस्ता, पोलीस बंदोबस्त, रुग्णवाहिका आणि डांबरीकरण यांवर महापालिका आणि शासन किती खर्च करणार, कोणत्या कराराने करणार आणि तो कोणाकडून वसूल करणार, हे विधिमंडळात लेखी विचारले गेले पाहिजे. मोटारींचे वेड असलेल्या मुलांसाठीच सरकारला काही करायचे असेल, तर जिल्ह्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मोटार मेकॅनिकच्या वर्गांना चालू स्थितीतील इंजिने, हत्यारे आणि रिकाम्या जागांवर निदेशक द्यावेत. आणि त्या मागणीचे निवेदन कार्यकर्त्यांनी यवतमाळच्या जिल्हाधिकारी कचेरीत नेताना एसटीच्या आगारातील संघटनेलाही बरोबर घ्यावे.