सर्व्हरच्या खोलीत कोण बसतो?

'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.' हे वाक्य आपल्या पोरांना पाठ झाले आहे. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो, मुदतीचा शेवटचा दिवस असतो आणि सायबर कॅफेवाला हात वर करतो. पूर्वी साहेब जागेवर नसायचे, आता सर्व्हर नसतो. साहेबाला निदान घेराव तरी घालता येत होता!

हा सर्व्हर म्हणजे आकाशातला देव नव्हे. थंड खोलीत ठेवलेले ते एक यंत्र आहे आणि त्याच्याकडे रोज माणसाला पाहावे लागते. रात्रीचा बॅकअप खरोखर झाला का, डिस्क भरत आली का, सुरक्षेच्या दुरुस्त्या चढवल्या का, नोंदींमध्ये काही भलते दिसते का. हे काम नीट झाले तर कोणाला दिसत नाही, चुकले तर साऱ्या गावाला दिसते. असली कामे कोणाच्या वाट्याला येतात, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

पुण्याने याची किंमत पाहिली आहे. 11 ऑगस्ट 2018, शनिवार. कॉसमॉस या 1906 साली स्थापन झालेल्या सहकारी बँकेच्या एटीएम स्विचवर चोरांनी हल्ला केला. एटीएममध्ये कार्ड घातले की हा स्विच बँकेच्या मुख्य प्रणालीला विचारतो, खात्यात पैसे आहेत का? चोरांनी स्वतःचाच बनावट स्विच मध्ये घातला आणि तो आत न विचारताच 'द्या' म्हणू लागला. तहसील कचेरीच्या दाराबाहेर कोणी खोटा शिक्का घेऊन बसावे आणि दाखले वाटावेत, तसा प्रकार. अवघ्या काही तासांत 28 देशांतून सुमारे 78 कोटी आणि भारतातून अडीच कोटी काढले गेले. सोमवारी, 13 तारखेला, स्विफ्टद्वारे आणखी 13 कोटी 92 लाख हाँगकाँगला गेले. एकूण 94 कोटी 42 लाख! संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने पुढे 2019 मध्ये बोट दाखवले ते उत्तर कोरियाकडे. पुण्याच्या न्यायालयाने 2023 मध्ये 11 जणांना शिक्षा दिली. ते होते एटीएमसमोर उभे राहून नोटा काढणारे. खेळ रचणारे कुठे आहेत?

आम्ही हे बँकेला दोष देण्यासाठी लिहीत नाही. शनिवार-रविवारी, मध्यरात्री, पडद्यावरची एक ओळ वाचून 'हे बरोबर नाही' म्हणणारा माणूस किती मोलाचा असतो, एवढेच दाखवायचे आहे. आणि त्या माणसाला आज आपण काय देतो? आमच्या ओळखीचा एक तरुण हिंजवडीला हेच काम करतो. कंपनीचा ठेकेदार, त्याचा उपठेकेदार, त्याच्याकडे हा. रात्रपाळी संपली तरी फोन चालूच. दर अकरा महिन्यांनी नवा करार. बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना 1946 च्या कारखाना कायदा दुरुस्तीने आठवड्याचे 48 तास आणले. या पोराचे तास मोजायला मात्र कोणी नाही.

खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, हे जुने दुखणे. पण सरकारी सर्व्हरही ठेकेदाराच्या हाती गेले की त्या जागा बिंदुनामावलीतूनच गळतात. आरक्षण रद्द केले असे कोणी म्हणत नाही, फक्त पद उरत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला होता. ओरड झाली, ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. म्हणजे ओरडल्याने होते.

समाजकल्याण आयुक्तालय पुण्यात आहे, बार्टी पुण्यात आहे, सी-डॅक 1988 पासून पुण्यात आहे. परम महासंगणक ज्या शहरात घडला, त्या शहरात आपल्या शिष्यवृत्तीचा सर्व्हर सांभाळायला कायम माणसे मिळत नाहीत, हे आम्हाला पटत नाही. आमचे मागणे साधे आहे. या देखभालीची पदे कायम करा आणि ती बिंदुनामावलीनुसार भरा. सर्व्हर किती तास बंद होता याची नोंद दर महिन्याला जाहीर करा. आणि जितके दिवस तो बंद, तितके दिवस अर्जाची मुदत आपोआप वाढू द्या. त्यासाठी विद्यार्थ्याला निवेदन घेऊन चर्च रोडला खेटे घालायला लावू नका.