नेट बंद पडलं? आधी मुलांना शोधू द्या!



घरातलं नेट बंद पडलं की आपण काय करतो? राउटर चार वेळा बंद-चालू करतो, नाहीतर थेट नेटवाल्याला फोन लावतो. मुलं मागे उभी राहून नुसती "आलं का? आलं का?" विचारत असतात. माझं स्पष्ट मत आहे की बिघाड शोधायचं हे काम मुलांना द्यावं. क्रमाने विचार करणं शिकवायला याहून सोपा पाठ घरात मिळणार नाही.

सुरुवात प्रश्नाने करा. "नेट सगळ्यांचं गेलंय की तुझंच?" मुलाला दुसरा मोबाइल, टीव्ही तपासू द्या. मात्र मोबाइलचा डेटा आधी बंद करायला सांगा, नाहीतर वायफाय बंद असूनही मोबाइल चालेल आणि निष्कर्ष चुकेल. एकाच यंत्रावर नेट नसेल तर दोष बहुधा त्या यंत्रात. कुठेच नसेल तर राउटर, बाहेरची लाइन किंवा संपलेला रिचार्ज! फक्त आतल्या खोलीत येत नसेल तर भिंतींचा विचार करा. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान असतं, पण भिंतींपलीकडे २.४ गिगाहर्ट्झचं जास्त पोहोचतं.

मग राउटरचे दिवे बघायला लावा. फायबरची जोडणी असेल आणि 'एलओएस'चा दिवा लाल लागला असेल, तर वायरमधून येणारा प्रकाश राउटरपर्यंत पोहोचत नाहीये. वायर कुठे दुमडली, कपाटामागे दबली का, ते पाहावं. ती तुटली असेल तर कितीही बंद-चालू करा, उपयोग नाही.

दिवे ठीक दिसले तर एकदाच राउटर बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करून दोन-तीन मिनिटं वाट बघा. दिवे न बघता आधीच बंद-चालू केलं तर खूण पुसली जाते, हे मुलांना जरूर सांगा.

यात एकच नियम पाळायचा : एका वेळी एकच बदल. तीन गोष्टी एकदम केल्या आणि नेट आलं, तर नेट मिळालं, पण कारण नाही मिळालं. वर्गात आपण हेच रोज बघतो ना? उत्तर चुकलं की मूल अख्खं गणित खोडतं. कुठल्या पायरीवर हातचा राहिला, हे बघत नाही. चूक शोधायची सवय लागली तर ते मूल गणिताला घाबरणार नाही.

"मुलं आणखी बिघडवतील" अशी भीती काही पालकांना वाटेल. ती चुकीची नाही. म्हणून तीन गोष्टी ठरवून घ्या. प्लग मोठ्यांनीच काढायचा. राउटरमागचं बारीक छिद्रातलं रिसेट बटण दाबायचं नाही, त्याने सगळं सेटिंग पुसलं जातं. आणि फायबरच्या टोकात डोकावायचं नाही. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

केलेलं सगळं वहीत लिहायला लावा. मग तक्रारीचा फोनही मुलालाच करू द्या. "नेट येत नाही" एवढंच न म्हणता ते म्हणेल, "एलओएसचा दिवा लाल आहे, वायर बघितली, एकदा बंद-चालू केलं." नेमकं बोलण्याचा हा भाषेचाच पाठ झाला की!

शिक्षक मित्रांनो, प्रत्येकाच्या घरी वायफाय नसतं. तिथे बंद पडलेली टॉर्च चालेल. सेल, बल्ब, बटण यांपैकी दोष कशात, ते मुलांनाच शोधू द्या. आपण उत्तर सांगायची घाई तेवढी टाळू या. दहा मिनिटं नेट उशिरा आलं तर फारसं बिघडत नाही. विचार करायची सवय लागली नाही, तर मात्र खूप बिघडतं.