कर्सियांगचा धडा

डोंगराळ भागात कोठेतरी मिशनऱ्यांच्या प्रशिक्षणाचे नवे केंद्र उभे राहत आहे, अशी वार्ता आली की तिच्यापाठोपाठ काय घडते हे आता ठरून गेले आहे. जमीन कोणी दिली, पैसा कोठून आला, परवानगी कोणत्या खात्याने दिली, असे प्रश्न विचारले जातात. निवेदने जातात, एखादी निषेधसभा होते, स्थानिक वृत्तपत्रांत चार दिवस चर्चा चालते आणि पाचव्या दिवशी सारे शांत होते. हे प्रश्न गैर नाहीत. परदेशी निधीचा हिशेब मागणे हा शासनाचा अधिकार आहे आणि समाजाचाही. परंतु त्या चार भिंतींच्या आत काय शिकवले जाणार, किती वर्षे शिकवले जाणार आणि तेथून बाहेर पडणारा तरुण पुढली चाळीस वर्षे कोठे व कसा राहणार, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. खरा प्रश्न तोच आहे. त्याचे उत्तर हवे असेल तर अशाच एका जुन्या केंद्राच्या इतिहासात डोकावले पाहिजे.

दार्जिलिंगला जाणारी छोटी आगगाडी 1881 मध्ये पूर्ण झाली. या मार्गावर, समुद्रसपाटीपासून सुमारे पावणेपाच हजार फुटांवर कर्सियांग हे गाव आहे. बंगालच्या मैदानातील उन्हाळा आणि हिवताप युरोपातून आलेल्या तरुणांना सोसत नसे. म्हणून बेल्जियन जेझुइटांनी आसनसोल येथील आपले धर्मशास्त्राचे विद्यालय 1889 मध्ये या डोंगरावर हलवले. सेंट मेरीज या नावाने ते ऐंशीहून अधिक वर्षे तेथे नांदले. आरंभी तेथे शिकणारे बहुतेक युरोपीय होते, पुढे भारतीय विद्यार्थीही आले. 1970 च्या दशकाच्या आरंभी हे विद्यालय दिल्लीला गेले आणि त्याने ‘विद्याज्योती’ हे नाव धारण केले. संस्कृत नाव धारण करण्याइतके या मंडळींना भारतीय मन कळले होते, याची नोंद जाता जाता घ्यायला हरकत नाही.

कर्सियांग हा एका दीर्घ शिक्षणक्रमातील केवळ एक टप्पा होता. जेझुइट संघात प्रवेश केलेल्या तरुणाची पहिली दोन वर्षे साधक म्हणून जातात. त्यानंतर तत्त्वज्ञानाचा अभ्यास, मग दोन-तीन वर्षे प्रत्यक्ष क्षेत्रात, बहुधा एखाद्या शाळेत, काम आणि त्यानंतर सुमारे चार वर्षे धर्मशास्त्र. दहा-बारा वर्षांहून कमी काळात हा क्रम पुरा होत नाही. या काळात स्थानिक भाषा आली नाही तर पुढे काम करता येत नाही. ब्रह्मचर्य, आज्ञापालन आणि अपरिग्रह ही व्रते घेऊन माणूस पाठवतील तेथे जातो आणि बहुधा तेथेच देह ठेवतो. भारतीय संन्यासपरंपरेत वाढलेल्या वाचकाला यातले काहीच परके वाटू नये.

या साऱ्या तयारीमागील हेतू मात्र लपून राहिलेला नव्हता. तेरावे पोप लिओ यांनी 1893 मध्ये सिलोनमधील कँडी या डोंगरी नगरीत भारतासाठी आणखी एक विद्यालय स्थापन केले. ‘हे भारता, तुझेच पुत्र तुझ्या उद्धाराचे सेवक होतील’ अशा आशयाचे त्यांचे लॅटिन वचन त्या विद्यालयाचे जणू ब्रीदच झाले. हेच विद्यालय 1955 मध्ये पुण्यास आले. वाक्य सुंदर आहे. परंतु त्यात एक गृहीतक दडलेले आहे. भारताचा उद्धार अद्याप व्हायचा आहे आणि तो कोणत्या मार्गाने व्हायचा हे रोममध्ये ठरलेले आहे, असे ते गृहीतक. ‘एकं सत्’ मानणाऱ्या समाजाचा मिशनशी असलेला मूलभूत मतभेद येथे आहे. तो शाळेशी नाही, रुग्णालयाशी नाही आणि येशूच्या चरित्राशी तर मुळीच नाही.

कर्सियांगला शिकलेले अनेक जण पुढे छोटा नागपूरच्या पठारावर उतरले. तेथील भूमी त्यांच्यासाठी आधीच तयार झालेली होती. कॉन्स्टंट लिव्हन्स हा बेल्जियन जेझुइट 1885 मध्ये तेथे पोहोचला आणि तोरपा येथे राहिला. मुंडा आणि उरांव शेतकऱ्यांच्या जमिनी जमीनदार आणि ठेकेदार गिळत होते. वेठबिगार चालू होती. न्यायालयाची भाषा वनवासींना येत नव्हती आणि वकिलाचा पैसा परवडत नव्हता. लिव्हन्सने जमिनीचा कायदा आणि मुंडांच्या रूढी यांचा अभ्यास केला व त्यांच्या बाजूने दावे लढवण्यास साहाय्य केले. बघता बघता हजारोंनी बाप्तिस्मा घेतला. आजारी होऊन हा माणूस मायदेशी परतला आणि 1893 मध्ये वारला.

हे धर्मांतर बायबल पटल्यामुळे झाले असे म्हणणे धाडसाचे ठरेल. माणसे आली ती जमीन वाचावी म्हणून. गांजलेल्या माणसाला न्याय देताना त्याच्या श्रद्धेचा सौदा व्हावा काय, हा आक्षेप घेणे रास्तच आहे आणि तो घेतलाही पाहिजे. पण आक्षेप घेणाऱ्याने दुसरे अर्धे सत्यही सांगितले पाहिजे. ज्यांच्या जाचाने मुंडा मिशनच्या दारात गेला ते जमीनदार आणि सावकार कोण होते? त्यांत अन्य धर्मीय होते, तसे देवळे बांधणारे आणि कथा-कीर्तने करवणारे हिंदूही होते. तोरपाच्या शेतकऱ्याचा कागद वाचून दाखवायला कोणी पंडित, कोणी वकील, कोणी महंत त्या काळी गेला असता तर इतिहास निराळा झाला असता.

याच मिशनमधील जॉन बाप्टिस्ट हॉफमन या जर्मन जेझुइटाची कथा अधिक बोलकी आहे. त्याने मुंडारी भाषेचे व्याकरण लिहिले. मुंडांच्या जमीनधारणेची, खुंटकट्टी पद्धतीची, बारकाईने नोंद केली. 1908 च्या छोटा नागपूर कूळ कायद्याच्या घडणीत त्याच्या या ज्ञानाचा मोठा वाटा होता. वनवासींच्या जमिनी परक्यांच्या हाती जाण्यास अटकाव करणारा हाच तो कायदा. पुढल्या वर्षी त्याने सहकारी पतसंस्था उभी केली. मुंडारी जीवनाचा त्याने आरंभलेला कोश अनेक खंडांचा झाला.

तथापि वनवासींनी हे सारे मुकाट्याने स्वीकारले असे समजणेही चूक ठरेल. भगवान बिरसा मुंडा चाईबासाच्या जर्मन मिशनच्या शाळेत शिकला आणि तेथून बाहेर पडला. मिशन वेगळे, पंथ वेगळा. पण त्याला आणि मुंडा सरदारांना दिसले ते एवढेच की गोरा अधिकारी आणि गोरा पाद्री अखेरीस एकाच बाजूला उभे राहतात. ‘साहेब साहेब एक टोपी’ हे त्या काळचे मुंडा प्रदेशातील बोल प्रसिद्ध आहेत. 1899-1900 च्या उलगुलानात बिरसाच्या अनुयायांनी सरकार आणि मिशन दोहोंविरुद्ध शस्त्र उचलले. 9 जून 1900 रोजी रांचीच्या तुरुंगात बिरसाचा अंत झाला. त्याने आपल्या लोकांना दिलेली शिकवण मात्र मुंडारीत होती, त्यांच्याच देवाविषयी होती, आणि म्हणून ती टिकली.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न शासनाच्या दारी आला. मध्य प्रदेश शासनाने 1954 मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 1956 च्या तिच्या अहवालाने अनुचित मार्गांनी होणाऱ्या धर्मांतरावर बंदीची शिफारस केली. पुढे ओरिसाने 1967 मध्ये आणि मध्य प्रदेशाने 1968 मध्ये कायदे केले. सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये ते वैध ठरवले आणि धर्मप्रचाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही, असे स्पष्ट केले. नियोगींविषयीची एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ज्या वर्षी अहवाल आला त्याच वर्षी, ऑक्टोबर 1956 मध्ये, त्यांनी डॉ. आंबेडकरांसमवेत नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. विचारपूर्वक केलेला धर्मस्वीकार आणि औषधाच्या बाटलीबरोबर आलेला बाप्तिस्मा यांत भेद करणारा न्यायाधीश स्वतः त्या भेदाप्रमाणे वागला. कायद्याची बाजू मांडणाऱ्यांनी हा भेद कधीही विसरू नये.

कायदा फसवणूक रोखू शकतो. रिकामी जागा भरून काढणे त्याच्या हातात नसते. त्या जागेकडे एका मराठी माणसाचे लक्ष गेले. रामटेकला वकिली केलेले रमाकांत केशव तथा बाळासाहेब देशपांडे शासनाच्या आदिवासी कल्याण विभागाच्या कामासाठी छोटा नागपूरला लागून असलेल्या जशपूरला गेले. पुढे ती नोकरी सोडून त्यांनी 1952 मध्ये जशपूरच्या राजघराण्याच्या साहाय्याने वनवासी कल्याण आश्रम सुरू केला आणि आयुष्य तेथे घातले. त्यांच्यानंतर 1995 मध्ये आश्रमाच्या अखिल भारतीय अध्यक्षपदी जगदेवराम उरांव आले. वनवासी समाजातील माणूस वनवासी कार्याच्या शिखरावर बसला. एकनाथजी रानडे यांनी 1972 मध्ये कन्याकुमारीला स्थापन केलेल्या विवेकानंद केंद्राने जीवनव्रती घडवण्यास आरंभ केला आणि 1977 पासून अरुणाचलाच्या डोंगरांत शाळा उघडल्या. केरळ-महाराष्ट्रातील शिक्षक तेथील थंडीपावसात राहिले. ही उदाहरणे अभिमानाची आहेत. तीच ती नावे प्रत्येक भाषणात घ्यावी लागतात, ही मात्र चिंतेची बाब आहे.

याउलट जे घडू नये ते घडल्याचीही नोंद आहे. 22 जानेवारी 1999 च्या रात्री ओरिसातील मनोहरपूर येथे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले यांना मोटारीत जिवंत जाळण्यात आले. झोपलेल्या बालकांना जाळणारा धर्मरक्षक असूच शकत नाही. ते निखळ पाप होते आणि त्या पापाने वर्षानुवर्षे कुष्ठरुग्णांची अथवा वनवासींची सेवा करणाऱ्या प्रत्येक हिंदू कार्यकर्त्याची मान खाली गेली. असल्या कृत्याला ‘प्रतिक्रिया’ म्हणून आडून समर्थन देणाराही त्या पापाचा वाटेकरी होतो.

पुन्हा कर्सियांगकडे. 1939 मध्ये तेथे धर्मशास्त्र शिकण्यास एक बेल्जियन तरुण आला. अभियांत्रिकी शिकलेला. चार वर्षांपूर्वी भारतात आला तेव्हा सुशिक्षित भारतीय आपली भाषा सोडून इंग्रजीत बोलण्यात धन्यता मानतात, हे पाहून तो व्यथित झाला होता. त्याने हिंदी शिकली, संस्कृत शिकले, तुलसीदास वाचला. पुढे अलाहाबाद विद्यापीठात त्याने रामकथेवर प्रबंध लिहिला, आणि तो हिंदीतच लिहिण्याचा आग्रह धरून विद्यापीठाला नियम बदलायला लावला. 1950 मध्ये ‘रामकथा : उत्पत्ति और विकास’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. फादर कामिल बुल्के हे त्याचे नाव. त्यांचा इंग्रजी-हिंदी कोश 1968 मध्ये आला आणि 1974 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. भारतीय नागरिकत्व घेऊन ते 1982 पर्यंत, मरेपर्यंत, येथेच राहिले. ते अखेरपर्यंत ख्रिस्ती धर्मगुरूच होते. तरीही गोस्वामी तुलसीदासांवरील त्यांच्या प्रेमाविषयी शंका घ्यावी असे त्यांच्या लेखनात काही नाही. कर्सियांगलाच शिकलेले रिचर्ड डी स्मेट यांनी शंकराचार्यांच्या पद्धतीवर रोमला प्रबंध लिहिला आणि नंतर पुण्यात अध्यापन केले. शांकरभाष्य मुळातून वाचलेले किती पदवीधर त्या काळी पुण्याच्या सदाशिव पेठेत होते, हे ज्याचे त्याने मोजावे.

फादर स्टीफन्सपासून मराठी माणसाला या परंपरेची ओळख आहे. परकी माणसे येथे येऊन येथील भाषा घासूनपुसून घेतात, शास्त्रे वाचतात आणि मग बोलू लागतात. त्यांना उत्तर देऊ पाहणाऱ्यांचे प्रशिक्षण किती दिवसांचे असते? वीस-पंचवीस दिवसांचा वर्ग, दोन-चार बौद्धिके, एक सहल. पूर्णवेळ कार्यकर्ता डोंगरात जातो खरा. पण त्याला तेथील बोली येऊ लागते न लागते तोच घरून बोलावणे येते, अथवा त्याच्यावर दुसरे दायित्व येते. मध्यमवर्गीय घरात वनवासी कल्याणाच्या निधीची पावती आनंदाने फाडली जाते. मात्र मुलाने दहा वर्षे गुमला किंवा जशपूरला राहण्याचा विचार बोलून दाखवला की त्याच घरात रडारड सुरू होते. नव्या केंद्राविरुद्धच्या निवेदनावर सही करणे त्या मानाने फार सोपे आहे.

उद्या त्या परिसरात मुंडारी शिकवणारा वर्ग काढण्याचे कोणी मनावर घेतलेच, तर त्याच्या शिक्षकाला शब्दांसाठी आजही फादर हॉफमनच्या खंडांकडेच वळावे लागेल.