एक मिनिट हं!

आटपाट नगर होतं. नाव अंधेरी ईस्ट. तिथे एक कावळा होता, एक चिमणी होती. कावळ्याचं घर शेणाचं, चिऊताईचं मेणाचं. लहानपणी आपल्याला यात काहीच खटकलं नाही. आता होम लोनचे रेट बघायला लागल्यावर प्रश्न पडतो, मेणाच्या घराला कर्ज दिलं कुणी? आणि मे महिन्यात ते वितळलं कसं नाही?

असो. रविवारी मुलुंडला ताईकडे गेले होते, तिथे पाच वर्षांच्या भाचीला गोष्ट सांगायची ड्यूटी लागली. म्हटलं, जरा लोकल टच देऊ. म्हणून पाऊस घेतला तो थेट २६ जुलै २००५ चा! सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला जेमतेम ७३. (पाऊससुद्धा सबर्ब्जशी असाच वागतो.) शेणाचं घर गेलं वाहून. मेणाला पाण्याचं काय! चिऊताईचं घर जागच्या जागी.

रात्री बेल वाजली.

"चिऊताई, मी आहे. जरा उघडतेस का गं?"

"एक मिनिट हं, बाळाचं डायपर बदलतेय."

परत बेल.

"एक मिनिट हं, बाळाला सेरेलॅक भरवतेय."

परत बेल.

"एक मिनिट हं, बाळाचा नर्सरीचा फॉर्म भरतेय!"

मी स्वतःच्याच जोकवर हसले. भाची नाही हसली. म्हणाली, "मावशी, पण कावळा पिल्लं खातो ना?"

खातो की! अंडीसुद्धा पळवतो. म्हणून तर चिमणी घर करते ते वळचणीला, भिंतीच्या भोकात, फोटोफ्रेमच्या मागे. कावळ्याला शिरता येणार नाही अशा जागी. तिचं वजन तीसेक ग्रॅम, त्याचं जवळपास दहापट. पिल्लं उडायला साधारण दोन आठवडे लागतात. तेवढे दिवस दार राखायचं.

आणि आपण इतकी वर्षं तिलाच आखडू समजत होतो! अहो, आत पिल्लं, बाहेर दहापट वजनाचा ओळखीचा शेजारी. 'नाही' म्हटलं तर तो चिडणार, 'हो' म्हटलं तर खेळ खल्लास. तिनं तिसरं उत्तर शोधलं. एक मिनिट हं! ना तलवार, ना राजपुत्र. नुसता टाइमपास करून अख्खी रात्र काढली पठ्ठीनं.

मला आमच्या बिल्डिंगमधली एक रात्र आठवली. फ्लॅटमेट गावाला गेलेली. अकरा वाजता बेल. आयहोलमधून पाहिलं, तर तोंडओळखीचे एक गृहस्थ. "पाणी मिळेल का?" मी आतूनच म्हटलं, "एक मिनिट हं, फोनवर आहे." तीनदा म्हटलं. मग गेले. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये ऐकू आलं, "आजकालच्या मुलींना माणुसकी म्हणून नाही." दोन दिवस मलाही वाटत राहिलं, खरंच तहान लागली असेल तर?

आमच्या आजीच्या गोष्टीत चिऊताई शेवटी दार उघडायची. माझ्या गोष्टीत नाही उघडत. सकाळ होते, पाऊस थांबतो, कावळा कंटाळून घाटकोपरला उडून जातो.

"बिचारा भिजला पण," मी गिल्टी होऊन म्हटलं.

भाची पांघरुणात शिरत म्हणाली, "सुकेल गं मावशी."