भरपाई म्हणजे भीक नव्हे!

सातारा-सांगलीत साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो तेव्हा गव्हाणीत पडणाऱ्या पहिल्या मोळीचे फोटो छापून येतात. त्याच गव्हाणीत मजुराचा हात सापडला तर मात्र सगळे चिडीचूप. मुकादम पाच-दहा हजार हातावर ठेवतो, कागदावर अंगठा घेतो आणि कारखाना म्हणतो, "तो आमचा माणूसच नाही, ठेकेदाराचा आहे."

आम्ही विचारतो, ऊस कुणाचा गाळला? कारखान्याचा धंदा ठेकेदारामार्फत चालत असेल, तर भरपाईची जबाबदारी मूळ मालकावरही येते. हे 1923 च्या कायद्यात होते, सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. कामावर, कामामुळे इजा झाली एवढे पुरे. हक्क सोडून देणारा अंगठाही कायद्यापुढे रद्दबातल!

म्हणून कार्यकर्त्यांनो, अपघाताचे कळताच आधी दवाखाना गाठा. केसपेपरवर "घरी पडला" लिहू देऊ नका; ठिकाण, वेळ, काम लिहून घ्या. पोलिसांत नोंद करा. जागेचे फोटो, साक्षीदारांची नावे, हजेरी, उचलीच्या नोंदी जपा. मालकाला लेखी कळवा, पोच घ्या. दोन वर्षांच्या आत सक्षम प्राधिकाऱ्याकडे दावा टाका.

1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री असलेल्या बाबासाहेबांचे शालेय शिक्षण याच साताऱ्यात सुरू झाले. त्यांच्या जयंतीला मिरवणूक काढणाऱ्या प्रत्येक मंडळात असा दावा लिहिणारा एक तरी पोरगा-पोरगी हवी. नाहीतर आमच्या माणसाचा हात जाईल आणि आम्ही फक्त वर्गणी गोळा करत बसू.

जयभीम!