दोरा तेवढाच, वेळ मात्र वाढला

सुट्टीत आलेल्या नातीने परवा कपाटावरचा पृथ्वीचा गोल खाली काढला. शाळेच्या प्रकल्पासाठी दूरच्या दोन शहरांतले अंतर मोजायचे होते आणि चिठ्ठ्या टाकल्यावर तिच्या वाट्याला आली फिनलंडची राजधानी हेलसिंकी आणि जपानचे टोकियो. मी शिवणाच्या डब्यातला दोरा दिला. गोलावर दोरा ताणून धरला की सर्वांत जवळची वाट कळते. हिशेब केला, तो सुमारे ७,८०० किलोमीटर भरला.

"आजोबा, ताशी नऊशेने नऊ तास पुरेत. मग वेळापत्रकात तेरा तास कसे?"

तिचे गणित चुकले नव्हते. २०२२ च्या फेब्रुवारीपर्यंत हा प्रवास साडेनऊ-दहा तासांत होत असे. मात्र आमचा दोरा जवळजवळ सगळाच रशियावरून गेला होता. रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, युरोपीय संघाने रशियन विमानांना आपले आकाश बंद केले आणि २८ फेब्रुवारीला रशियाने ३६ देशांच्या विमानांना. मार्चपासून फिनएअरची विमाने उत्तर ध्रुवावरून किंवा दक्षिणेकडून वळसा घालून टोकियोला जाऊ लागली.

गंमत अशी की, १९८३ मध्ये फिनएअरने ही विनाथांबा सेवा सुरू केली, तेव्हाही सोव्हिएत भूमीवरून थेट वाट मिळत नव्हती. विमान ध्रुवावरून जाई आणि तेरा तासांच्या आसपासच वेळ लागे. पुढच्या चाळीस वर्षांत इंजिने कितीतरी सुधारली, घड्याळ मात्र होते तिथेच येऊन थांबले.

१९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक देशाला आपल्या डोक्यावरच्या आकाशाची पूर्ण मालकी दिली आहे. वाट द्यायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे. चिनी विमाने रशियावरूनच उडत राहिली. त्यांचा वेळ वाचला, इंधन वाचले. वळसा घालणाऱ्यांना इंधन जास्त न्यावे लागते, आणि त्या खर्चाचा भार शेवटी तिकिटावर येतो.

हे आपल्यापासून दूर आहे असे वाटत असेल, तर २०२५ चा एप्रिल आठवावा. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ तारखेला पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केले, ३० तारखेला भारताने पाकिस्तानी विमानांना. दिल्लीहून अमेरिकेला निघालेल्या काही विमानांना व्हिएन्नात इंधनासाठी उतरावे लागले. मुलाबाळांना भेटायला निघालेल्या किती आजी-आजोबांचे त्या दिवसांत पाय सुजले असतील!

देशांनी आपल्या सुरक्षिततेसाठी दारे लावू नयेत, असे मी म्हणणार नाही. युद्ध सुरू असलेल्या प्रदेशावरून प्रवासी नेणे धोक्याचेच. पण दार लावण्याची किंमत भांडणात नसलेला प्रवासीही मोजतो, एवढे ध्यानात असावे.

नातीने वहीत अंतर लिहिले, वेळही लिहिली. मग पेन्सिल थांबवून तिने विचारले, "आजोबा, हे भूगोलात लिहू की नागरिकशास्त्रात?"

मी म्हटले, "अंतर भूगोलात लिही. वेळ नागरिकशास्त्रात."